सुकदेव जागल्या

जळगावच्या आमच्या कॉलेजात सुकदेव तायडे नावाचे एक शिपाई होते. वसतिगृहाच्या किल्ल्या त्यांच्याकडे, मेसचं धान्य त्यांच्याकडे, पाण्याच्या टाकीचा नळ त्यांच्याकडे, आणि दर सोमवारी सकाळी मागच्या भिंतीशी पडलेल्या रिकाम्या बाटल्या पोत्यात भरण्याचं कामही त्यांच्याकडेच. वयानं आमच्या वडिलांएवढे. तरी आम्ही एकशेचाळीस पोरं त्यांना 'ए सुकदेव' अशी हाक मारायचो. गावाकडे समोर येईल त्या म्हाताऱ्याला नाना, आबा म्हणणारी पोरं आम्ही. पण ते बोदवडच्या बौद्धवाड्यातले, म्हणून त्यांच्यापाशी आल्यावर आमचे नाना-आबा संपायचे. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. माझ्याविषयी तुमचं मत चांगलं व्हावं म्हणून मी हे लिहीत नाही, आणि पुढे वाचलंत तर ते होणारही नाही.

सुकदेवभाऊंची (आता भाऊ म्हणतो, फुकट आहे म्हणून) अंगकाठी किडकिडीत, खाकी शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली, आणि आवाज अंगाच्या मानानं फार मोठा. एक गोष्ट एकदाच सांगायचे. "टाकीत पानी न्हाई," म्हणजे नाही. मग कोणी कितीही बादल्या आपटल्या तरी ते दुसऱ्यांदा सांगत नसत. दुपारी वसतिगृहाच्या पायरीवर बसून पेपर मोठ्यानं वाचायचे आणि वाचता वाचता पेपरवाल्यांशी भांडायचे. शिकले सातवीपर्यंत, पण अर्ज लिहायचा तर आमच्यातले पदवीवाले त्यांच्याकडे जायचे. त्यांचं अक्षर ठसठशीत होतं.

त्यांचं आयुष्य असंच किल्ल्या वाजवत गेलं असतं. ते तसं गेलं नाही, त्याला जानेवारी अठ्ठ्याऐंशीतली आमची भरीत पार्टी कारण झाली.

खानदेशात थंडी पडली की माणसं शेतात भरीत करायला जातात. मोठी हिरवी वांगी कापसाच्या वाळल्या काड्यांवर भाजायची, सोलायची, लाकडी बडगीत ठेचायची, मिरची-लसूण-कांद्याची पात घालायची आणि केळीच्या पानावर खायची. लग्नाची पंगत चुकवतील, भरीत चुकवणार नाहीत, असे आम्ही लोक. कॉलेजात शेवटच्या वर्षाचा निरोपही भरितानंच व्हायचा. आमच्या बी.एस्सी.च्या वर्गात अठ्ठावीस मुलं आणि पाच मुली. त्या वर्षी भरीत ठरलं रुपचंदच्या मळ्यात. रुपचंद आमच्याच वर्गातला. फैजपूरकडे त्याच्या वडिलांची केळी होती आणि कॉलेज चालवणाऱ्या संस्थेत वडिलांचा शब्द चालायचा. त्यामुळे परीक्षेत रुपचंदचा अंगठा जरी उमटला तरी तो पास होईल अशी आमची आपसातली थट्टा होती.

पाच मुलींपैकी एक दोंडाईच्याची. तिचं नाव मी लिहिणार नाही. तेवढं तरी तिचं तिच्याकडे राहू दे. मीही त्याच बाजूचा. दोघंही सुरत-भुसावळ पॅसेंजरनं जळगावला यायचो. ती नातेवाइकांकडे राहायची, मी वसतिगृहात. संक्रांतीची सुट्टी संपवून परत निघालो तेव्हा तिची आई भिकुबाई तिला स्टेशनावर सोडायला आली होती. विधवा बाई, दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जाऊन पोरीला शिकवत होती. पोरीनं तिला पार्टीचं सांगितलं असावं. गाडी हलायला लागली तेव्हा ती खिडकीशी चालत मला म्हणाली, "भाऊ, पोरले संगे लई जास ना, मंग संगेच लई येजो."

बरोबर नेतोस तर बरोबरच परत आण, असं. मी "हो मावशी" म्हणालो. म्हणायला काय लागतं.

पार्टीच्या आदल्या दिवशी सुकदेवभाऊंनी रेक्टरांना जाऊन सांगितलं होतं की पोरांनी देशीच्या बाटल्या आणल्या आहेत, आणि त्यांचं बोलणं बरोबर नाही. मुलींच्या सरबतात घालू, मग मजा बघू, असं पोरं जिन्यात बोलताना त्यांनी ऐकलं होतं. रेक्टर म्हणाले, "सुकदेव, पोरं आहेत, निरोपाचा दिवस आहे." मग मेसची भांडी घेऊन सुकदेवभाऊ स्वतःच आमच्याबरोबर मळ्यात आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. बडगी, पाट्या, तेलाचा डबा ट्रॉलीत चढवला आणि त्यावरच बसले.

मळ्यात दोन पिंपं होती संत्र्याच्या सरबताची. एक मुलांचं, एक मुलींचं. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी सकाळपासूनच घ्यायला सुरुवात केली होती. अकराच्या सुमाराला रुपचंदला एकाएकी दही आठवलं. भरिताबरोबर दही पाहिजे, आणि ते फैजपुरातूनच पाहिजे. "सुकदेव, जा, सायकल घे." सुकदेवभाऊ क्षणभर उभे राहिले. मग गेले. मालकाच्या पोरानं सांगितलेलं शिपायानं करायचं असतं, ही सवय अंगात मुरलेली. त्या क्षणभराबद्दल ते पुढे स्वतःला फार बोलले.

तासाभरानं ते परत आले. आम्ही वांगी सोलत होतो. भाजलेलं वांगं गरम असतं, बोटं पोळतात, पाण्यात बुडवून बुडवून सोलावं लागतं, त्यामुळे मान खाली घालायला ते काम फार चांगलं. चार मुली एका चटईवर आडव्यातिडव्या पडल्या होत्या. एक उलट्या करत होती. सुकदेवभाऊंनी मोजल्या. चार.

"दोंडाईच्याची पोरगी कुठी हाये?"

आम्ही बोटं पाण्यात बुडवली.

"मी इचारू राह्यलो. पोरगी कुठी हाये?"

एकदाच सांगणारा माणूस दुसऱ्यांदा विचारत होता, हे माझ्या लक्षात आलं होतं. आम्ही आणखी खाली वाकून वांगी सोलू लागलो. मग त्यांना रुपचंदही दिसेना, तेव्हा ते केळीतून विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीकडे पळत गेले. रुपचंद तिला दंडाला धरून तिकडे नेत होता ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. तिचे पाय ओढत होते. तो म्हणाला होता, "हिला बरं वाटत नाहीये, जरा पडू दे." कोणी तरी हसलं होतं. मला वाटतं दोघं-तिघं हसलो होतो.

सुकदेवभाऊंनी तिला आणलं. स्वतःचा खाकी शर्ट तिच्या अंगावर घातलेला होता आणि ते बनियनवर होते. त्यांच्या शर्टाची वरची गुंडी उघडी मी तेवढी एकदाच पाहिली, कारण तो शर्ट तिच्या अंगावर होता. ते कोणाशी बोलले नाहीत. रस्त्यावर जाऊन एक टेम्पो थांबवला आणि पाचही मुलींना त्यात बसवलं.

आम्ही भरीत खाल्लं. एवढी वांगी फेकणार कुठं.

तीन दिवसांनी प्राचार्यांच्या खोलीत बैठक झाली. प्राचार्य, रुपचंदचे वडील, रुपचंद, ती, तिची आई. मला साक्षीला बोलावलं होतं, कारण भिकुबाईनं माझं नाव घेतलं होतं: "हाऊ भाऊ व्हता ना तिच्यासंगे." सुकदेवभाऊ दाराशी उभे. त्यांनी काय पाहिलं ते त्यांनी सगळं सांगितलं. प्राचार्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू दही आणायला गेला होतास ना? मग आधी काय झालं ते तुला कसं माहीत?" मग माझ्याकडे वळले. "तू काय पाहिलंस?"

"सर, मी चुलीपाशी होतो."

ते खरंच होतं. चुलीपाशीच होतो.

पोलिसांत जायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. पोरीचं नाव पेपरात येईल, लग्न कसं होईल, कॉलेजात पुढे कोणी मुलगी पाठवणार नाही, शिवाय पोरानं दारू घेतलेली होती, त्याला तरी कुठं शुद्ध होती? हे सगळं प्राचार्यांनी अगदी मायेनं समजावलं. आणि मग त्यांना तोडगा सुचला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना तो तोडगा मनापासून सुंदर वाटला, डोळ्यात पाणीसुद्धा आलं. ते म्हणाले, "बाळ, तू याला राखी बांध. आजपासून हा तुझा भाऊ. जन्मभर तुझं रक्षण करेल. झालं गेलं धुऊन निघेल."

जानेवारीत राखी कुठं मिळणार? मग पूजेच्या सामानाच्या दुकानातून लाल दोरा आणायला सांगितला. कोणाला, ते सांगायला नकोच. सुकदेवभाऊ गेले. या वेळी ते क्षणभरही थांबले नाहीत असं मला आठवतं. ते म्हणायचे, थांबलो होतो. दुकानदार एवढ्यासा दोरा तोडून देईना, म्हणून ते अख्खी गुंडी घेऊन आले.

तिनं दोरा बांधला. गाठ बसेना, तेव्हा प्राचार्यांनी टोक धरलं. रुपचंदच्या वडिलांनी ओवाळणीची साडी आणलेलीच होती, पिशवीतून काढून पुढे केली. म्हणजे तोडगा आयत्या वेळी सुचला होता की आदल्या दिवशीच ठरला होता, हे मला कधी कळलं नाही. तिनं साडी घेतली नाही. भिकुबाईनं घेतली, पाहिली, घडी नीट केली आणि खुर्चीवर ठेवून दिली. दोघी गेल्या. जाताना भिकुबाईनं माझ्याकडे पाहिलं नाही, याचं मला त्या वेळी बरंच वाटलं. ती साडी पुढे कॉलेजच्या कपाटात पडून होती. पुढच्या वर्षी गॅदरिंगला स्टेजचा पडदा कमी पडला तेव्हा ती जोडून टाकली. मोतिया रंगाची होती.

तिनं परीक्षा दिली नाही. मी दिली, पहिल्या वर्गात आलो.

परीक्षेआधी सुकदेवभाऊ माझ्या खोलीवर आले. कोरा कागद टेबलावर ठेवला. म्हणाले, "तू दोन वळी लिही. काय पाह्यलं तेवढं. मी पुढं कुठी न्यायचा तिथी नेईन."

मी म्हणालो, "मला काही आठवत नाही."

"तू पेलेला होता का?"

"थोडी घेतली होती."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "बरं. मंग जेवढं आठोते तेवढं लिही." कागद तिथंच ठेवून गेले. त्यावर मी भौतिकशास्त्राची सूत्रं लिहून काढली.

इथून सुकदेवभाऊंचं खरं चरित्र सुरू होतं. ते लहान आहे आणि त्यात विजय वगैरे काही नाही.

जून अठ्ठ्याऐंशीत नवी पोरं वसतिगृहात आली. पहिल्या रविवारी मेसमध्ये वरण-बट्टी असायची. बट्टी तुपात चुरायची तर गरम पाहिजे, ताट समोर आल्यावर कोणी उठून जात नाही. हे हेरून सुकदेवभाऊंनी ताटं वाढून होईपर्यंत तुपाचं भांडं स्वतःकडे ठेवलं आणि मधोमध उभे राहून बोलायला सुरुवात केली. तो त्यांचा पहिला बट्टीचा रविवार. मी तेव्हा तिथं नव्हतो. पण चार वर्षांनी त्याच कॉलेजात मी प्राध्यापक म्हणून लागलो आणि मग दर वर्षी दाराआड उभा राहून ऐकलं. संस्थेनं मला नोकरी का दिली असेल, हा विचार मी फार करत नाही.

भाषण दर वर्षी तेच असायचं.

"दारू पेऊ नका हे तुमच्या बापानं सांगितलं असंन. तुमी बापाचं आयकत न्हाई, माह्यं काय आयकसान? म्हनून मी ते सांगत न्हाई. मी दुसरं सांगतो. जी पोरगी शुद्धीत न्हाई, तिनं हो म्हटलं तरी ते हो न्हाई. ती गप राह्यली, तरी ते हो न्हाई. हे पक्कं डोक्यात ठेवा, परीक्षेत न्हाई इचारत, पन ठेवा. आन् दारूवर ढकलू नका. दारू मनात नवं काही टाकत न्हाई, मनात असते तेच भाहेर काढते."

पहिल्या वाक्यांना पोरं खिदळायची. पोरगी हा शब्द आला की कोपर मारायची. ते थांबत नसत.

"आता शेतातलं सांगतो. रातच्याला जागल्या कशासाठी ठेवता? पीक राखायले, म्हनसान. पीक कुठी पळून चाललं? जागल्या डुकरावर नजर ठेवते. तुमची भरीत पार्टी होईन, तव्हा दोन जन जागले राहतीन. ते पेनार न्हाई. त्यांनी पोरींच्या मांगं मांगं फिरायचं न्हाई. तुमच्या मांगं फिरायचं. कोनी पोरीले दंडाले धरून आडबाजूले नेऊ राह्यला, तं जागल्यानं त्याचा दंड धरायचा. मित्र असो, मालकाचा पोरगा असो. दोस्ती तुटली तं तुटू द्या."

मग खिशातून लाल दोऱ्याची गुंडी काढायचे. "आन् असं काही झालं, आन् कोनी दोरा आनायले सांगितलं, तं आनू नका. मी आनला होता."

एवढं बोलून तूप वाढायला लागायचे. दोऱ्याचा अर्थ पोरांना कळायचा नाही. मला कळायचा, मी दाराआडून निघून जायचो.

पोरांनी त्यांचं नाव जागल्या पाडलं. 'ए जागल्या, पाणी सोड.' रेक्टर बदलले, नव्यांना वाटलं हे नावच आहे. पण ती दोन माणसांची रीत मात्र पडली, थट्टेथट्टेत का होईना. प्रत्येक पार्टीला दोन पोरं सुकदेवभाऊंपुढे उभी राहून "आम्ही जागले" म्हणायची, बाकीची टाळ्या पिटायची. त्र्याण्णवच्या थंडीत भिकन नावाचा धुळ्याकडचा एक पोरगा जागल्या होता. त्याचाच खोलीतला मित्र पिऊन एका मुलीला, चल तुला केळीतली विहीर दाखवतो, म्हणून ओढायला लागला. भिकननं मित्राच्या दोन्ही चपला काढून घेतल्या, त्याला काट्याकुट्यातून ट्रॉलीपर्यंत फरफटत आणलं, आणि तो झोपेपर्यंत त्याच्या छातीवर बसून राहिला. मित्रानं दोन महिने अबोला धरला. त्या मुलीला तर आपल्यावर काय आलं होतं आणि ते कोणी परतवलं, हे कधी कळलंच नाही. न घडलेल्या गोष्टीचा कुठं सत्कार होत नाही. सुकदेवभाऊंनी भिकनच्या ताटात पुढच्या रविवारी एक बट्टी जास्त वाढली, एवढंच.

संस्थेच्या कानावर भाषण गेलंच. शिपाई पोरांपुढे अश्लील बोलतो, कॉलेजची बदनामी करतो, अशी नोटीस त्यांना मिळाली. त्यांनी ठसठशीत अक्षरात उत्तर लिहिलं: "मी बोलतो ते अश्लील नाही. मी ज्याबद्दल बोलतो ते अश्लील आहे." त्यांना वसतिगृहातून काढून प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुवायला लावलं. बट्टीच्या रविवारी ते साधे कपडे घालून, सुट्टीच्या दिवशीचा माणूस म्हणून मेसमध्ये यायचे आणि तुपाचं भांडं हातात घ्यायचे. आचारी त्यांना देऊन टाकायचा.

मला ते आता 'सर' म्हणायचे. दार उघडून धरायचे. त्यात टोमणा असता तर सोसलं असतं, तो नव्हता. दर वर्षी जूनमध्ये मात्र प्रयोगशाळेत नळ्या पुसता पुसता विचारायचे, "सर, यंदाच्या रईवारी तुमी बोलता का? मी बोललो तं शिपाई बोलते. तुमी तिथी होते. तुमचं पोरं आयकतीन."

मी म्हणायचो, बघू. पाच वर्षं बघत होतो. नोकरी कायम व्हायची होती, मग लग्न झालं, मग पोरगी झाली. कारणं कधी कमी पडली नाहीत.

सत्त्याण्णवला ते निवृत्त झाले. निरोप समारंभाला प्रमुख पाहुणा म्हणून रुपचंद आला. वडिलांच्या जागी आता तो संचालक होता, पोट सुटलं होतं, हातात तीन अंगठ्या. त्यानं सुकदेवभाऊंच्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला, आणि "आमच्या वेळचे आमचे लाडके सुकदेवमामा" असं बोलला. सुकदेवभाऊंनी शाल काढली. घडी नीट केली. खुर्चीवर ठेवली. मला भिकुबाई आठवली. ते माईकसमोर गेले, म्हणाले, "मी नोकरीत एकच काम वाईट केलं. एक दोरा आनला." आणि खाली बसले. लोकांना वाटलं साधा माणूस आहे, काही तरी बोलला. टाळ्या झाल्या. रुपचंदनंही वाजवल्या; त्याला खरंच आठवलं नसावं, आणि हेच मला त्याच्या सगळ्या कृत्यांत जास्त भयंकर वाटतं.

बाहेर पायरीवर त्यांनी मला गाठलं. "सर, आता बट्टीच्या रईवारी कोन?"

"बघू," मी म्हणालो.

पुढच्या दोन जूनना मेसमध्ये तूप वेळेवर वाढलं गेलं. अठ्ठ्याण्णवच्या थंडीत कोणी जागले ठेवले नाहीत, आणि भरीत पार्टीहून परतलेल्या एका मुलीनं कॉलेज सोडलं. का सोडलं ते कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. घरी तिच्या नावाची हजेरी आठवत जेवलो.

फेब्रुवारी नव्व्याण्णवमध्ये सुकदेवभाऊ गेले. मी बोदवडला गेलो तेव्हा दिवसही होऊन गेले होते. त्यांच्या बायकोनं, बेबाबाईनं, मला खाट टाकून दिली, चहा दिला. माझं नाव ऐकून म्हणाल्या, "तुमीच का ते सर? तुमची वाट पाहत होते." त्यात राग नव्हता. भिंतीच्या खिळ्यावरून लाल दोऱ्याची गुंडी काढून त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवली. "हे घेऊन जा. मी काही बांधायले वापरलं तं ते चिडायचे. फेकूही देत नव्हते. मले घरात नको."

त्या रात्री नव्हे, त्या महिन्यातही नव्हे. मे महिन्यात, परीक्षेचे पेपर तपासून झाल्यावर मी तो कागद लिहिला. अकरा वर्षं उशिरा. कोण कुठं उभं होतं, पिंपात काय होतं, कोणी दंड धरला, कोण हसलं. दीड पान. आणि पॅसेंजरनं दोंडाईच्याला गेलो.

ती बाजारपेठेच्या मागे दोन खोल्यांत शिवणाचे वर्ग चालवत होती. लग्न केलेलं नव्हतं. भिकुबाई आत खाटेवर होती, तिला आता ऐकू येत नव्हतं. मी कागद दिला आणि उभा राहिलो. तिनं मशीन थांबवलं, चष्मा लावला, सगळा वाचला. मग पुन्हा वरून वाचला, काही तरी शोधत असल्यासारखा.

"हाई माले कसाले?" ती म्हणाली. "माले बठ्ठं माहीत शे. ज्यासले माहीत नही, त्यासले वाची दखाड."

ज्यांना माहीत नाही त्यांना वाचून दाखवायचं, यावर मी मान हलवली. कागद घ्यायला हात पुढे केला. तिनं तो दिला नाही.

"आनि सालटानं कोठे शे यामा?"

मी तुम्हालाही ते सांगितलेलं नाही. मळ्यात तिनं पहिला घोट घेतला होता आणि पेला घेऊन थेट माझ्याकडे आली होती, बाकी कोणाकडे नाही, कारण तिच्या आईनं माझ्या नावावर तिला पाठवलं होतं. "हाई कडू कसं लागस रे?" असं तिनं विचारलं होतं. आणि मी म्हणालो होतो, "संत्राना सालटं पडनं व्हई." तिनं विश्वास ठेवला आणि पेला संपवला. मोटारीच्या खोलीपर्यंत तिला रुपचंदनं नेलं, पण तो पेला मी पाजला.

मी तिथंच, तिच्या कापड बेतायच्या टेबलावर वाकून, कागदाखाली ते लिहिलं. तिनं वाचलं, कागद परत दिला आणि मशीन सुरू केलं.

जूनच्या पहिल्या रविवारी मी वसतिगृहाच्या मेसमध्ये गेलो. ताटं वाढलेली होती. आचाऱ्याकडून तुपाचं भांडं घेतलं. शंभरावर पोरं माझ्याकडे बघत होती. सर कशाला आले, असं. सुकदेवभाऊंचं भाषण मला पाठ होतं, ते आधी म्हटलं. पोरं त्यांच्या ठरलेल्या जागी खिदळली. मग मी खिशातून कागद काढला आणि वाचला, रुपचंदच्या नावासकट आणि माझ्या नावासकट. आता रुपचंद मला ठेवतो की काढतो हे त्याचं तो पाहील. सालटाचं वाक्य मी दोनदा वाचलं.

कोणी बट्टी फोडली नव्हती. मागच्या ओळीतला एक पोरगा उभा राहिला. चेहरा सरळ होता, त्याला माझी कीव आलेली दिसत होती. मला सुटायला वाट करून द्यावी, अशा सुरात त्यानं विचारलं, "सर, तेव्हा तुम्हीपण घेतलेली होती ना?"

सुकदेवभाऊंनी हाच प्रश्न विचारला होता, आणि त्यांना मी 'थोडी' म्हणालो होतो.

"नाही," मी म्हणालो. "मी आयुष्यात दारूला तोंड लावलेलं नाही. मी पूर्ण शुद्धीत होतो."

आणि मी तूप वाढायला लागलो.